विमानात तेल भरण्याआधी

  

आज आम्ही विमानाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आपल्यातल्या बहुतेक जणींनी विमान अंगणातून मान वर करूनच पाहिलेलं आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. नांदेडचा विमानतळ आपल्याला जवळचा, दुसरा मोठा नागपूरचा. पण तिकीट किती, खिडकीची जागा कशी मिळते, असलं काही आज सांगायचं नाही. विमानात तेल भरणारी जी गाडी असते, तिची नळी, तिची गाळणी, तिची टाकी रोज कशी तपासतात, तेवढंच सांगायचं आहे. हे ऐकून आम्ही आमच्या गटाच्या कामात काही बदललं, ते पुढे ओघात येईलच.

आमच्या गटातल्या एका ताईंची भाची एका मोठ्या विमानतळावर याच कामाला आहे. दिवाळीत ती इकडे आली होती, गटाच्या बैठकीत येऊन बसली. आम्ही विचारलं, "तू सकाळी गेल्या गेल्या काय करतेस गं?" ती म्हणाली, "सगळ्यात आधी पाणी शोधते." आम्हाला वाटलं प्यायचं पाणी. तर नाही. ती तेलातलं पाणी शोधते.

आधी हे समजून घेऊ की मोठ्या विमानात पेट्रोल घालत नाहीत. जे घालतात ते म्हणजे आपल्या ओळखीचं रॉकेलच, फक्त फार शुद्ध केलेलं. रेशनवर मिळायचं त्याच्या घराण्यातलं, पण कडक नियमांतून पार झालेलं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, नाहीतर किंचित पिवळसर. उणे ४७ अंशांपर्यंत थंडी पडली तरी ते गोठता कामा नये, असा नियम आहे. कारण विमान जिथून उडतं तिथे, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. तेल टिकतं, पण पाणी शून्याला गोठतं. टाकीत चार थेंब पाणी असलं तर त्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे कण नळीत अडकतात.

असं झालेलं आहे. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान उतरता उतरता दोन्ही इंजिनांची ताकद गमावून बसलं आणि धावपट्टीच्या अलीकडेच गवतावर आपटलं. आत १५२ माणसं होती. सगळी वाचली. चौकशीत दिसलं की तेल नियमाप्रमाणे चांगलंच होतं. पण कुठल्याही रॉकेलात डोळ्यांना न दिसणारं थोडं पाणी विरघळलेलं असतंच, त्याचा बर्फ साचला आणि तेलाची वाट अडली. पुढे त्या इंजिनाचा तो भाग बदलावा लागला. आता विचार करा, न दिसणारं पाणी इतकं करू शकतं, तर टाकीच्या तळाशी साठलेलं, दिसणारं पाणी काय करेल?

आणि पाणी येतं कुठून? पावसात झाकणाच्या फटीतून येतं, हे तर सोपं झालं. पण टाकी अर्धी रिकामी असली तर वरच्या मोकळ्या जागेत हवा असते. रात्री गारठा पडला की त्या हवेतला ओलावा टाकीच्या पत्र्याला घाम फुटावा तसा जमतो आणि ओघळून खाली जातो. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. तिथे नुसतं बसून राहत नाही. तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात एक प्रकारची बुरशी वाढते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या बुरशीचा चिकट गाळ गाळणीत जाऊन बसतो.

म्हणून सकाळचं पहिलं काम पाण्याचं. गाडीची टाकी रात्रभर स्थिर उभी राहिलेली असते, जे काही जड आहे ते तळाला गेलेलं असतं. टाकीच्या सगळ्यात खालच्या तोटीतून आणि गाळणीच्या डब्याच्या तळातून थोडं तेल स्वच्छ काचेच्या बरणीत काढतात. बरणी उजेडात धरून गोल फिरवतात. मधे भोवरा तयार होतो आणि काही कचरा, काही थेंब असेल तर तो तळाच्या मध्यावर गोळा होतो. आपण डाळ निवडताना सूप हलवतो आणि खडे एका बाजूला येतात, तसंच. तेल नितळ आणि चमकदार दिसलं पाहिजे. धुरकट दिसलं, तळाशी थेंब दिसला, तर पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं, आणि तरीही दिसत राहिलं तर ती गाडी त्या दिवशी उभी.

डोळ्यांवर भागत नाही, म्हणून आणखी एक तपासणी असते. एका छोट्या पिचकारीच्या तोंडाला एक चकती लावतात आणि तिच्यातून थोडं तेल ओढून घेतात. तेलात बारीक पाणी असेल तर चकतीचा रंग बदलतो. जोराचा पाऊस पडून गेला, किंवा गाडी धुतली, की हा निचरा परत करायचा. सकाळी एकदा केला म्हणून दिवसभराची सुट्टी नाही.

गाळणीला दोन बाजूंनी दाब मोजणारी घड्याळं असतात. तेल आत शिरतानाचा दाब किती, बाहेर पडतानाचा किती. दोन्हींतला फरक रोज लिहून ठेवतात. फरक हळूहळू वाढत गेला तर गाळणी भरत आली, बदलायची वेळ झाली. हे आपल्यालाही सुचलं असतं. पण त्या मुलीने पुढे सांगितलं ते आम्हाला सुचलं नसतं. फरक एकाएकी कमी झाला तर जास्त घाबरायचं. नवशिक्याला वाटतं, वा, आज तेल छान चाललंय. खरं म्हणजे गाळणी आत फाटलेली असू शकते आणि सगळा कचरा सरळ विमानात चाललेला असतो. चहाची गाळणी फाटली की चहा पटकन गळतो, तसं. म्हणून आजचा एकटा आकडा काही सांगत नाही, त्याच्या शेजारी कालचा आणि परवाचा असावा लागतो. रजिस्टर का लिहायचं, याचं याहून सोपं उत्तर आम्हाला कधी मिळालं नव्हतं.

आता नळी. ती नुसती वरून बघायची नसते. पूर्ण लांब पसरवून, आत दाब भरून, हाताने तपासत जायचं. कुठे फुगवटा, कुठे मऊ पडलेली जागा, कुठे चीर, जोडापाशी ओल. नळीच्या टोकाच्या तोंडात एक बारीक जाळी असते, तीही ठरल्या दिवशी उघडून बघतात. जाळीत रबराचे कण सापडले तर त्याचा अर्थ असा की नळी बाहेरून नवीकोरी दिसत असली तरी आतून झडायला लागली आहे. आम्हाला ही जाळी फार आवडली.

तारेचंही सांगतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तशीच वीज तेल नळीतून आणि गाळणीतून वेगाने वाहताना तयार होते. मोठ्या विमानात मिनिटाला हजार लिटरही तेल जातं. म्हणून गाडी आणि विमान आधी एका तारेने जोडतात, म्हणजे दोघांत ठिणगी उडायला फरकच उरत नाही. तार सगळ्यात आधी लावायची, सगळ्यात शेवटी काढायची. ती तार आतून तुटलेली नाही ना, चिमटा गंजलेला नाही ना, हेही तपासण्यात येतं. शिवाय नळी जागेवर ठेवल्याशिवाय गाडीचा ब्रेक सुटतच नाही, अशी सोय गाडीत असते. घाईत कुणी नळी विमानाला लागलेली असताना गाडी पुढे काढू नये म्हणून. ती सोय चालू आहे की नाही, हे मुद्दाम नळी बाहेर ठेवून, गाडी हलवायचा प्रयत्न करून बघतात.

आणि हातातली कळ. तेल भरणाऱ्या माणसाच्या हातात एक कळ असते. ती दाबून धरली तरच तेल वाहतं. सोडली की बंद. नुसती दाबून बांधूनही ठेवता येऊ नये, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ती सोडून पुन्हा दाबावी लागते. इंग्रजीत तिला चक्क मेलेल्या माणसाची कळ म्हणतात. नाव अभद्र आहे, पण अर्थ सरळ आहे, उभ्या माणसाला चक्कर आली, तो पडला, पळाला, तरी तेल आपोआप थांबावं.

मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर प्रत्येक वेळी टँकर भरून आणत नाहीत. चेंबूर-माहुलच्या तेल कारखान्यांकडून नळाने तेल येतं, विमानतळावरच्या मोठ्या टाक्यांत साठतं आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी विमान उभं राहतं त्या जागेपर्यंत पोचतं. जमिनीत झाकण असलेले खड्डे असतात, त्यांत तोंड असतं, त्याला छोटी गाडी जोडून तेल विमानात चढवतात. मुंबईचा पाऊस तुम्ही टीव्हीवर बघता. ते खड्डे कोरडे ठेवणं, जमिनीखालच्या नळांच्या सखल जागांतून साचलेलं काढून टाकणं, हे त्या लोकांचं नेहमीचं काम. ते करणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नसतं.

हे नाही झालं तर काय, त्याची एक गोष्ट जगभर या कामात सांगितली जाते. १३ एप्रिल २०१०. इंडोनेशियातल्या सुराबाया शहरातून कॅथे पॅसिफिकचं विमान हाँगकाँगला निघालं. आत ३२२ माणसं. सुराबायाच्या विमानतळावर जमिनीखालच्या नळांचं वाढीव काम चाललं होतं, त्यात खारं पाणी शिरलं होतं. काम झाल्यावर नळ नीट धुऊन, तपासून मग चालू करायला हवे होते, ते व्हायला हवं तसं झालं नाही. तेल भरणाऱ्या गाडीतल्या गाळणीत पाणी शोषून घेणारी पूड होती. बाळाच्या लंगोटात असते तसली. गोड्या पाण्याने ती फुगते आणि वाट बंद करते. खाऱ्या पाण्यापुढे ती तशी टिकली नाही, आणि तिचे बारीक बारीक गोळे तेलाबरोबर विमानात गेले. त्या दिवशी तेल भरताना नळी थरथरत होती आणि भरणं मधे थांबवावं लागलं होतं. थांबून पुन्हा सुरू केलं. विमान उडालं.

हाँगकाँग जवळ आल्यावर वैमानिकांना कळलं की एक इंजिन जोरात अडकलंय, कमी होत नाही, आणि दुसरं जवळजवळ मेलंय. त्यांनी ते विमान ताशी ४२५ किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर टेकवलं. एरवीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. चाकांचे ब्रेक तापून लाल झाले, टायर बसले, पण विमान धावपट्टीतच थांबलं. घसरगुंडीवरून घाईने उतरताना ५७ प्रवासी जखमी झाले, जीव कोणाचाच गेला नाही. वैमानिकांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. आम्हाला मात्र ती थरथरणारी नळी विसरता येत नाही. नळी काहीतरी सांगत होती.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्या गटांतल्या कितीतरी जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. तिथे गॅस असतो. एका शाळेत, गावाचं नाव आम्ही घेत नाही, शेगडीच्या मागे नळीला भेग पडलेली मदतनीस बाईला दिसली होती. तिने सांगितलंही होतं. उत्तर मिळालं, "आजचा दिवस भागवा, पोरं जेवायची आहेत." तिसऱ्या दिवशी नळीनेच पेट घेतला. त्या बाईने पदर सावरत रेग्युलेटर बंद केला म्हणून निभावलं. दोन्ही मनगटं भाजली तिची. शेजारच्या खोलीत पहिली-दुसरीची पोरं होती.

त्या बाईच्या हातात कळ नव्हती, असं आम्हाला वाटतं. दिसलं तिला, पण थांबवायचा हक्क तिला कोणी दिला नव्हता. विमानतळावरच्या त्या मुलीला आम्ही हेच विचारलं. विमान उभं, दीडशे माणसं आत बसलेली, साहेब घड्याळ बघतायत, आणि तुझ्या बरणीत थेंब दिसला, तर तू काय करतेस? ती म्हणाली, "थांबवते. मला कोणाला विचारावं लागत नाही. चालू ठेवलं तर विचारतील." आमच्या गटाने मग बैठकीत ठराव करून लिहून घेतलं. स्वयंपाकघरात ज्या बाईला गळती, भेग किंवा वास जाणवेल ती रेग्युलेटर बंद करेल. ती स्वयंपाकी असो की मदतनीस. उशीर झाला तर त्याचं उत्तर गट देईल, ती एकटी नाही. मुख्याध्यापकांनाही तो ठराव वाचून दाखवला. थोडी कुरकुर झाली. पण सही मिळाली.

तपासायचं काय, ते सांगतो. नारिंगी रंगाची जी सुरक्षा नळी मिळते, तिचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात. नळीवरच वर्ष छापलेलं असतं. पुसट झालं असलं तर ओल्या फडक्याने पुसून, बॅटरीच्या उजेडात वाचा. नळी वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. शेगडीच्या मागे गरम भांड्याला टेकते ती जागा आधी बघा. नळीवर कापड, प्लॅस्टिक गुंडाळू नका. छान दिसतं, पण भेग झाकली जाते. साबणाचं पाणी करून जोडांवर लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे शहाणे अजून आहेत, त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढा. नळीची किंमत फार फार तर एका दिवसाच्या मजुरीएवढी आहे.

सिलिंडर घेताना त्याच्या मानेभोवतीच्या उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बी आणि २७ असेल तर जून २०२७ पर्यंत ते सिलिंडर चालेल, पुढे त्याची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेली असेल तर घेऊ नका, दुसरं मागा. झाकण काढून तोंडातला रबरी वायसर आहे ना, तेही गाडीवाल्यासमोरच बघा. तो घाईत असतो. असू दे.

डिझेलवर मोटर किंवा इंजिन चालवणाऱ्यांसाठीही थोडं. डिझेलचा ड्रम उघड्यावर उभा ठेवला की वरच्या खोलगट झाकणात पावसाचं पाणी साठतं. ऊन गेलं, ड्रम गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. ड्रम आडवा किंवा तिरका ठेवा, बूच पाण्यात राहणार नाही असा. इंजिनाच्या फिल्टरच्या तळाशी स्क्रू असेल तर तो सोडून बाटलीत थोडं डिझेल काढा, उजेडात धरा. काय बघायचं ते आता तुम्हाला कळलंच आहे. पेट्रोल कॅनमध्ये घ्यायची वेळ आलीच तर कॅन गाडीवर किंवा ट्रॉलीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. स्वेटरची गोष्ट तीच. आणि पंपावर माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप आणि तेल तपासायचा गाळण कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे.

फवारणीच्या पंपाचं बोलल्याशिवाय आपल्या जिल्ह्यात हा विषय पुरा होत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली. कारणं पुष्कळ सांगितली गेली, त्यांच्या वादात आज शिरत नाही. पण पाठीवरचा पंप गळत असला की शर्ट भिजतो, हे आपण दर हंगामात बघतो. पंपात औषध घालण्याआधी साधं पाणी भरा, दाब द्या, झाकण, नळी, दांडी, तोटी सगळं कोरडं राहतं का बघा. दहा मिनिटं लागतात. आपला माणूस "काही होत नाही" म्हणेल. म्हणू द्या.

शेवटी रजिस्टर. आमच्या गटाने स्वयंपाकघरासाठी एक वही केली. तारीख, नळी, जोड, वायसर, वास, आणि बघणारीचं नाव. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट झाली. एका पानावर सात दिवसांचं "ठीक" एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं. रागावलो नाही, पण ते पान फाडलं. अशी वही असण्यापेक्षा नसलेली बरी, कारण कोरं पान निदान विचारायला लावतं. आता लिहिणारी "ठीक" लिहीत नाही, काय दिसलं ते लिहिते. "जोडापाशी बुडबुडा नाही." "नळी शेगडीला टेकत होती, सरकवली." ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, शाळेतली मोठी पोरगी लिहून देते.

तर मैत्रिणींनो, येत्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या नळीवरचं वर्ष आणि सिलिंडरवरचं अक्षर-आकडे कागदावर लिहून आणा. ज्यांची मुदत संपलीय त्यांची यादी करून एकदमच वितरकाकडे देऊ, म्हणजे दहा जणींना दहा हेलपाटे नकोत. गळतीचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करून बाहेर या आणि १९०६ या नंबरला फोन करा. चोवीस तास चालू असतो. फोन बाहेर अंगणात येऊनच लावा, आणि गॅसचं पुस्तक दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा, घाईत पेटीत शोधत बसू नका.